ज्या विषयाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले, तो शाळेबाहेर का?

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकात सजीवांच्या जीवनप्रक्रियेवर एक धडा आहे. त्यात स्त्री आणि पुरुष यांच्या प्रजनन संस्थेच्या आकृत्या आहेत, मासिक पाळीचे चक्र आहे, गर्भ कसा राहतो ते आहे. सरकारनेच छापलेले पुस्तक आहे, बोर्डाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. जालना जिल्ह्यात कार्यक्रमांच्या निमित्ताने फिरताना आम्ही दहावी झालेल्या मुलामुलींना हटकून विचारतो की हा धडा वर्गात कसा शिकवला? उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच येते. सर म्हणाले, हा धडा घरी वाचून या, आकृत्या तेवढ्या पाठ करा, मार्काला पडतात. आता ज्या घरात एका पत्र्याच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्या घरात पोरीने हा धडा कोणत्या कोपऱ्यात बसून वाचायचा, हे सरांनी सांगितलेले नसते.

आणि हा धडा येतो दहावीत. दहावीपर्यंत पोचतात किती? गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत. पुढचे हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर. एसटी वेळेवर आली तर शाळा, नाही तर घरी. मुलगी 'शहाणी' झाली की आईबापाच्या पोटात गोळा येतो आणि मुलगी पाहुण्यांना दाखवायला सुरुवात होते. पाळी आलेल्या मुलीला आपला समाज 'शहाणी झाली' म्हणतो. शहाणपण मात्र तिला कुणी देत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. हीच टक्केवारी शेजारच्या परभणीत ४८, बीडमध्ये ४३ च्या वर आणि आपल्या जालन्यात सुमारे ३५ आहे. म्हणजे या जिल्ह्यात दर तीन लेकींमागे एक लेक कायद्याने बालक असतानाच बोहल्यावर चढते. त्याच पाहणीप्रमाणे राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी सात ते आठ मुली एक तर आई झालेल्या होत्या किंवा त्यांना दिवस गेलेले होते. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कोवळ्या वयातले बाळंतपण म्हटले की शहरातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे कॉलेजातली प्रेमप्रकरणे येतात. आमच्याकडे हे बाळंतपण बहुतेक वेळा मांडवातून येते, वाजतगाजत येते. गाव त्याला अक्षता टाकते.

असे का होते, हे मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागातल्या कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरात लग्नाचा पोरगा असेल आणि त्याचे लग्न लावून दिले तर कोयता वाढतो, उचल वाढते. मुलीच्या बापाची अडचण वेगळी. पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर पालात राहायचे, तिथे वयात आलेली मुलगी न्यायची कशी आणि गावात म्हातारीच्या भरवशावर ठेवायची कशी? मग एकच वाट उरते. या बापाला आम्ही राक्षस म्हणणार नाही. त्याला दोन गोष्टींची भीती असते. मुलीवर कुणी हात टाकील ही एक आणि मुलगी कुणाच्या प्रेमात पडेल ही दुसरी. दोन्ही भीतींवर त्याला ठाऊक असलेला उपाय एकच आहे, लग्न. वसतिगृहाची खाट, हायस्कूलपर्यंतची बस आणि मुलीला स्वतःच्या देहाचे ज्ञान, हे उपाय त्याच्यापुढे कुणी ठेवलेलेच नाहीत.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. मुलीचे नाव, गाव, तालुका काहीच सांगणार नाही. 'पोक्सो' कायद्यात पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे आणि तो कायदा नसता तरी आम्ही सांगितले नसते. मुलगी १६ वर्षांची, नववीत. आईबाप ऊसतोडीला, मुलगी आजीजवळ. गल्लीतल्याच १९ वर्षांच्या मुलाशी तिचे जमले. जोरजबरदस्ती नव्हती, हे तिने पहिल्या दिवसापासून सांगितले आणि शेवटपर्यंत सांगितले. पाळी चुकली. एक महिना गेला, दुसरा गेला. अंगात रक्त कमी आहे असे शाळेतल्या तपासणीत कधीतरी सांगितले होते, तेच कारण असेल असे तिने धरले. आजीने एरंडाचे तेल दिले. पाचवा महिना सरत आला तेव्हा आईबाप परतले आणि आईच्या नजरेने ओळखले. दवाखान्यात नेले. दवाखान्याने कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवले. पोलिसांनी कायद्याप्रमाणे गुन्हा नोंदवला. मुलगा तुरुंगात गेला. गर्भपाताची मुदत कागदपत्रांच्या धावपळीत उलटली. कोर्टाच्या वऱ्हांड्यात तिने आम्हाला हळूच विचारले, "ताई, पाळी चुकली म्हंजी हे असं असतं, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. समद्यांना म्हाईत असतं का?"

नववीत शिकणाऱ्या मुलीचा हा प्रश्न आहे. तिला भाग गुणाकार येत होता, शिवरायांचे किल्ले येत होते, भारताच्या संविधानाची उद्देशिका तोंडपाठ होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या वस्त्यांत कायद्याबद्दल अर्धवट माहितीच फार. 'पोक्सो' म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. त्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नाही. तिने हो म्हटले असले, चिठ्ठ्या लिहिल्या असल्या, स्वतः पळून गेली असली तरी मुलावर गुन्हा होतो. त्या संबंधातून मुलीला दिवस गेले तर गुन्हा अधिक गंभीर ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २० वर्षांची सक्तमजुरी आहे. वीस वर्षे! आमच्या वस्तीतल्या बारावी नापास पोराला विचारा, त्याला यातले काही ठाऊक आहे का? त्याला मोबाईलवरच्या घाणेरड्या क्लिपा ठाऊक आहेत. ज्या गोष्टीसाठी सरकार त्याला वीस वर्षे आत टाकू शकते, ती गोष्ट गुन्हा आहे एवढे सांगायला सरकारच्या शाळेला दहा वर्षांत एक तास मिळत नाही. कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही, हे कोर्टात आम्ही रोज ऐकतो. पण अज्ञान ठेवणाऱ्याला कोणते कलम लागते, ते अजून कुणी सांगितलेले नाही.

लग्न झाले म्हणजे सुटलो, हा दुसरा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी 'इंडिपेंडंट थॉट' खटल्यात स्पष्ट केले की १८ वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. म्हणजे मांडवात अक्षता टाकून आपण ज्या पोराला नवरदेव करतो, त्याला त्याच दिवशी आरोपीच्या पिंजऱ्याच्या दारात नेऊन उभे करतो. शिवाय बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला उत्तेजन देणारा, असे सगळे गुन्हेगार ठरतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. प्रत्यक्षात होते काय? सोळा वर्षांची सून गरोदर राहिली की सासू तिला सरकारी दवाखान्यात नेत नाही. नेले तर कार्डावर वय १९ लिहून घेते. सिस्टरला संशय येईल म्हणून तपासण्या टाळल्या जातात. कोवळ्या वयातल्या गरोदरपणात झटके येण्याचा, जंतुसंसर्गाचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका जास्त. ज्या मुलीला डॉक्टरची गरज सर्वांत जास्त, तीच डॉक्टरपासून लपवली जाते. कडक कायदा आला, पण त्याच्या आधी यायला हवे होते ते शिक्षण आलेच नाही, त्याचा हा परिणाम.

गर्भपाताच्या कायद्याचेही तसेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, पुढे दोघांचे लागते. पालकाची लेखी संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. याच निकालात न्यायालयाने लैंगिक आरोग्याच्या शिक्षणाच्या अभावावरही बोट ठेवले. हा निकाल आम्ही खिशात घेऊन फिरतो. डॉक्टर मंडळींना दाखवला तर पुष्कळांना तो नवीनच असतो. मुदत संपली की मग औरंगाबाद खंडपीठाची पायरी. वकील, मेडिकल बोर्ड, अहवाल, तारीख. ज्या बापाने उचल फेडायची आहे त्याने हे कसे करायचे?

मग शाळेत हे शिक्षण का नाही? कारण ते येऊ दिले गेले नाही. २००५ साली केंद्र सरकारचे शिक्षण खाते आणि एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला. पुस्तकातल्या आकृत्यांवरून संस्कृती बुडाल्याची ओरड झाली, त्यात सर्व बाजूंचे आमदार होते, आणि सरकारने तो कार्यक्रम शाळांतून थांबवला. सरकार तेव्हा फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव भाषणाच्या पहिल्या वाक्यात घेणाऱ्यांचे होते, हे विसरू नये. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक ही राज्येही त्याच रांगेत होती. पुढे २००९ साली व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नकोच, असे मत दिले. विवाहापूर्वी शरीरसंबंध नकोत हा संदेश मुलांना द्यावा, असा त्या समितीचा सूर होता.

दिल्लीत बसलेल्या या सन्माननीय सदस्यांना जालन्याच्या मुलीचा एकच प्रश्न आहे. माझे लग्नच पंधराव्या वर्षी झाले, मग तुमच्या संदेशाचे मी काय करू?

या प्रश्नावर संस्कृतिरक्षकांकडे उत्तर नाही, कारण त्यांचा आक्षेप बालिकेच्या बाळंतपणावर कधीच नव्हता. त्यांचा आक्षेप मुलीला कळण्यावर आहे. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला तेव्हा मुलीचे वय दहावरून बारा करण्यालाही याच पुण्यामुंबईत धर्म बुडाल्याची हाकाटी झाली होती. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येऊन सुखरूप बाळंत व्हावे म्हणून स्वतःचे घर उघडले. दिवस गेलेल्या पोरीला आधी प्रश्न विचारायचे नसतात, आधी दार उघडायचे असते, हे आमच्या चळवळीने तेव्हाच शिकवले.

बाबासाहेबांनी तर या विषयाच्या मुळावरच बोट ठेवले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्याने, आणि हे बंधन टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिका विवाह या तीन गोष्टी उपयोगी पडल्या, अशी त्यांची मांडणी आहे. बालविवाह ही अडाणीपणाची सवय नसून जात नावाच्या यंत्राचा खिळा आहे, हे २५ वर्षांच्या भीमरावाने शंभर वर्षांपूर्वी सांगितले. मुलीला समज येण्याआधी, तिची निवड जागी होण्याआधी तिला बांधून टाका. निवड जागी झाली तर काय होते, ते २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात दिसले. १७ वर्षांचा आमचा विद्यार्थी दुसऱ्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारला गेला. त्याला शाळेच्या आवारातूनच मारत नेले, असा आरोप होता. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. शाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्याचा, एकमेकांचा मान राखण्याचा तास असता तर तो पोरगा वाचला असता, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण मुलगा-मुलगी बोलले की पाप, हे वातावरण ज्या मौनातून तयार होते, ते मौन शाळाच जपते.

आता ती गोष्ट, जी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, पण तरुण कार्यकर्त्यांना नसेल. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून नोकरीवर पाणी सोडावे लागले. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, ते १९५३ पर्यंत. त्यात वाचक आपल्या शरीराबद्दलचे, कामजीवनाबद्दलचे प्रश्न विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या काळात हे वकीलपत्र घ्यायला कोण पुढे येणार? घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. एकीकडे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी गोलमेज परिषदा गाजवून आलेला नेता, सनातन्यांच्या शिव्यांचा रोजचा धनी. त्याला आणखी एक बदनामी अंगावर घेण्याची काय गरज होती? तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, आणि वाचकाने प्रश्न विचारला तर जाणकाराने त्याला उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार त्यांनी घेतला. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आम्ही वकिली करतो म्हणून सांगतो, वकिलाची ओळख जिंकलेल्या खटल्यांवरून होते त्याहून जास्त त्याने कोणते वकीलपत्र घेतले यावरून होते.

बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्गाच्या महिलांची परिषद झाली. तिथे जमलेल्या हजारो आयाबहिणींना त्यांनी सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ताकद आल्याशिवाय ती लादू नका. जास्त मुले जन्माला घालणे हा गुन्हा आहे, इतक्या कडक शब्दांत ते बोलले.

आता आरसा आपल्याकडे वळवू. आमच्या वस्त्यांत बालविवाह होत नाहीत का? होतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून, मेणबत्ती लावून, त्रिशरण-पंचशील म्हणून होतात. मंगलपरिणय विधी लावणारे बौद्धाचार्य मुलीचा शाळेचा दाखला मागत नाहीत. पत्रिकेवर 'भीमकन्या' छापलेली असते आणि ती भीमकन्या नववीत असते. नागपूरच्या त्या परिषदेचे भाषण जयंतीला मंचावरून वाचणारा कार्यकर्ता त्याच महिन्यात अशा लग्नात टोपी-टॉवेल घेऊन मिरवताना दिसतो. ब्राह्मणी संस्कृतीला शिव्या घालणे सोपे आहे. पण तिने रचलेला बालिका विवाह आपण निळ्या मांडवात लावत असू, तर मांडवाचा रंग बदलून काय उपयोग? आणखी एक. आमची लेकरे पाच वर्षांची असल्यापासून विहारात पंचशील म्हणतात. तिसरे शील कामवासनेतल्या मिथ्याचाराबद्दल आहे. ते पाली भाषेत खणखणीत म्हटले जाते. त्याचा अर्थ काय, मिथ्याचार कशाला म्हणायचे, दुसऱ्याची इच्छा नसताना हात लावणे हा त्यातच येतो की नाही, हे एकाही पोराला कुणी समजावत नाही. भगवान बुद्धांनी शील पाठ करायला सांगितले नव्हते, समजून पाळायला सांगितले होते.

लैंगिक शिक्षण म्हणजे मुलांना नको ते शिकवणे, ही भीती आमच्याही आयाबापांत आहे. तिची टर उडवून चालणार नाही. त्यांना सांगितले पाहिजे की युनेस्कोने जगभरातले अभ्यास तपासून २०१८ साली सुधारित मार्गदर्शिका काढली. असे शिक्षण मिळालेली मुले लवकर संबंधांकडे वळतात असा पुरावा मिळाला नाही, उलट ती जपून वागतात असे दिसले. इंग्लंडने १९९९ साली शाळेतले शिक्षण आणि तरुणांसाठी दवाखाने यांची जोड घालून मोहीम आखली, तेव्हा तिथले १८ वर्षांखालील मुलींच्या गर्भधारणेचे प्रमाण पंधरा-सोळा वर्षांत निम्म्याहून खाली आले. आणि हे शिक्षण म्हणजे काय? पाचवी-सहावीत चांगला आणि वाईट स्पर्श, पाळी येण्याआधी पाळीची माहिती. सातवी-आठवीत मुलामुलींच्या शरीरातले बदल, 'नाही' म्हणण्याचा आणि 'नाही' ऐकून घेण्याचा धडा. नववीत गर्भ कसा राहतो, कसा टाळता येतो आणि कायदा काय म्हणतो. मुलग्यांना हे मुलींइतकेच, खरे म्हणजे जास्तच शिकवले पाहिजे. आमच्याकडे पाळीची माहिती द्यायची म्हटले की आधी मुलग्यांना मैदानावर हाकलतात. खटल्यात आरोपी म्हणून उभे राहतात ते तेच मुलगे.

यासाठी नवा कायदा नको. 'पोक्सो' नियम, २०२० मधला तिसरा नियम केंद्र आणि राज्य सरकारांवर बंधन घालतो की बालकांच्या सुरक्षिततेबाबत वयाला साजेसे शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करावा. २०२० पासूनच्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचे आहे आणि त्याच्या विषयांत प्रजनन आरोग्य आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज खोडून काढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हे शिक्षण नववीपासून देऊन भागणार नाही, त्याआधीच्या वयापासून द्यावे, असे म्हटले. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकची योजना आहे. कागद भरपूर आहेत. शाळेत जाऊन विचारणारे कमी आहेत.

ते विचारणे आपले काम आहे. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करा. आमच्या शाळेतील आरोग्यदूत शिक्षक कोण, त्यांचे प्रशिक्षण कधी झाले, वर्षभरात किती तास झाले, एवढेच विचारा. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आपल्या महिलांना पाठवा. विहारात रविवारी मुलांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावातल्या आशाताईला, दवाखान्यातल्या सिस्टरला महिन्यातून एकदा बोलवावे. बौद्धाचार्यांनी दाखला पाहिल्याशिवाय लग्न लावू नये. वय ठरवताना कायदा शाळेच्या दाखल्याला आधी विचारतो, आधार कार्डाला नाही, हे लक्षात ठेवावे. ठरलेले लग्न थांबवायचे असेल तर १०९८ वर फोन करता येतो. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली कोर्टातून मनाई हुकूमही मिळतो. हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. अशा अर्जासाठी आम्ही फी घेत नाही, घेणारही नाही.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी १५ ऑगस्टची ग्रामसभा असते. गावातल्या कोणत्या मुलींचे आईबाप यंदा तोडीला जाणार, त्या मुली कुठे राहणार, त्यांच्या वसतिगृहाचे काय, आणि शाळेत हे तास कधी सुरू होणार, हे प्रश्न त्या सभेत विचारता येतात. विषयपत्रिकेवर विषय घेण्याचा अर्ज ग्रामसेवकाकडे आधी द्यावा लागतो. आणि गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच असतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.